माझ्या २०१२ मधील पत्राला माझेच उत्तर

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

राज्याच्या जनआरोग्य योजनेत सर्वच कुटुंबांचा समावेश झाल्यापासून आपल्या या सदरात त्या योजनेबद्दल वाचकांची बरीच पत्रे प्रसिद्ध होत आहेत. सरकारने दवाखाने चालवण्याच्या फंदात पडू नये, प्रत्येकाच्या हाती विम्याचे कार्ड द्यावे आणि बाकीचे बाजारावर सोपवावे, असे त्यांपैकी काही पत्रलेखकांचे म्हणणे आहे. हा विचार मला परका नाही. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा याच सदरात मी नेमके हेच लिहिले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करावीत, त्यांच्यावर होणारा खर्च कुटुंबांना कुपनांच्या रूपाने द्यावा आणि कोणत्या डॉक्टरकडे जायचे हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे, असे त्या पत्राचे सार होते. ते पत्र आपण छापलेत, त्यावर दोन वाचकांनी आक्षेप घेतले आणि मी त्यांनाही ठासून उत्तर दिले. आज मी त्या मताचा राहिलेलो नाही. चारचौघांत मांडलेले मत मनातल्या मनात बदलून गप्प बसणे मला बरोबर वाटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

माझे ते मत कुठून आले हे आधी सांगायला हवे, कारण ते कोणाच्या सांगण्यावरून उचललेले नव्हते. मी सांगली जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातला. १९८१ साली निपाणीला तंबाखूचे आंदोलन झाले तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि आम्ही पाच-सहा मित्र तिथे जाऊन बसलो होतो. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा आमच्यासाठी नुसती घोषणा नव्हती. लेव्ही म्हणजे सरकारची सक्तीची खरेदी, झोनबंदी म्हणजे माल एका भागातून दुसऱ्या भागात नेण्यावरची बंदी, भाव चढला की कांद्याच्या निर्यातीवर येणारी बंदी, या सगळ्यांतून सरकार शेतकऱ्याचे भले करण्याच्या नावाखाली त्याला कसे लुटते, हे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी आम्हाला आकडे मांडून दाखवले होते. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला झालेल्या महिला अधिवेशनाला मी पत्नीसह गेलो होतो आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली तेव्हा घरच्या जमिनीतला एक तुकडा मी तिच्या नावावर करून दिला. शेतमालाच्या बाजाराबद्दलचे ते विचार मी आजही सोडलेले नाहीत. माझी चूक झाली ती पुढे. जे कांद्याला आणि उसाला लागू पडते ते जसेच्या तसे आजारालाही लागू पडते, असे मी धरून चाललो आणि तीस वर्षांत ते एकदाही तपासून पाहिले नाही.

आमच्या भागात ते तपासण्याची गरजही भासत नव्हती, कारण शेजारी मिरज आहे. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून रुग्ण मिरजेला येतात ते पिढ्यान्‌पिढ्या, आणि खासगी वैद्यकीय सेवा किती उत्तम असू शकते याचा पुरावा म्हणून मी वादात नेहमी मिरजेकडे बोट दाखवत असे. मिरजेचा हा लौकिक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे आलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाने घडवला, आणि ते रुग्णालय नफ्यासाठी उभे राहिलेले नव्हते. १९६२ साली तिथे सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय सरकारी होते. धर्मादाय आणि सरकारी अशा दोन खांबांवर उभे राहिलेले नाव मी बाजाराच्या खात्यावर जमा करत होतो. जन्मभर हिशेबाचे काम केलेल्या माणसाच्या हातून ही नोंद चुकीच्या खात्यावर पडली, याची मला आज खंत वाटते.

मात्र ज्या नोंदीमुळे मला हे पत्र लिहावे लागत आहे ती वेगळीच आहे. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागात चौतीस वर्षे नोकरी केली. २००९-१० च्या गळीत हंगामात, जानेवारीच्या सुमारास, बीड जिल्ह्यातला, ऊसतोड मजूर आणणारा एक मुकादम एका जोडप्याला घेऊन माझ्या टेबलापाशी आला. त्यांच्यातल्या बाईचे वय सव्वीस-सत्तावीसच्या पुढे नसावे. उसाच्या पाल्याने तिची दोन्ही मनगटे कापलेली होती आणि दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी घालून ठेवलेला सोनोग्राफीचा कागद तिने छातीशी धरला होता. मुकादमाला त्याच्या खात्यावर तीस हजारांची जादा उचल हवी होती, ‘पिशवीच्या ऑपरेशन’साठी, म्हणजे गर्भाशय काढण्यासाठी. मी कारण विचारले तेव्हा नवरा म्हणाला, ‘‘खाडे लई व्हत्यात, साहेब.’’ ती बाई खाली बघतच म्हणाली, ‘‘डॉक्टर म्हनले, ठिवली तर कॅन्सर व्हतो. आन् तसं बी आता काय कामाची हाय ती.’’ मी व्हाउचर तयार केले, कारणाच्या रकान्यात ‘दवाखाना’ असे लिहिले आणि सही घेऊन ते पुढे पाठवले. त्या हंगामात आणि त्यानंतरच्या हंगामांत अशा कारणाची आणखी काही व्हाउचरे माझ्या हाताखालून गेली.

वाचकांपैकी ज्यांचा उसाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामाच्या आधीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती काम करून फेडायची असते. दोघांपैकी एकानेही दांडी मारली की तो ‘खाडा’ पडतो, त्याचे पैसे कापले जातात, आणि सुट्टी घेणाऱ्याच्या उचलीत भर पडते. बाईने पहाटे तीनला उठून स्वयंपाक करायचा, उजाडायच्या आत फडात जायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायच्या. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, पाणी लांबून आणायचे. अशा जागी पाळीचे चार दिवस कसे काढायचे, अंगावरून पांढरे जायला लागले तर कोणाला सांगायचे आणि औषधाला कोणत्या वेळी जायचे, याची व्यवस्था त्या सगळ्या करारात कुठेही नव्हती. बाळंतपणाच्या किंवा पाळीच्या खाड्याला वेगळा रकानाही नव्हता. तो हिशेब ठेवणाऱ्यांपैकी मी एक होतो.

दोन वर्षांनी जेव्हा मी आपल्याला पत्र लिहिले तेव्हा त्यात एक वाक्य होते, ‘ऊसतोड मजूरसुद्धा सरकारी दवाखान्याच्या वाटेला न जाता कर्ज काढून खासगी दवाखाना निवडतो, मग हे सरकारी दवाखाने नेमके कोणासाठी आहेत?’ ते वाक्य मी त्या व्हाउचरच्या आधारावर लिहिले होते. ती बाई माझ्या लेखी निवड करणारा ग्राहक होती.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सवयीने मी लगेच भागाकार केला. शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभरात शंभरात तीनच्या आसपास होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी निवृत्त झालो होतो, व्हाउचरे दप्तरखान्यात गेली होती, पण त्या सतरामधल्या काही जणींचे कागद माझ्या हाताखालून गेले होते आणि प्रत्येक वेळी मी ‘दवाखाना’ एवढेच लिहिले होते.

आता मुद्द्याचे सांगतो. त्या बाईने निवड केली, असे म्हणता येईल का? ती डॉक्टरकडे गेली ती अंगावरून पांढरे जाते म्हणून. अशा तक्रारीवर बहुतेक वेळा आधी गोळ्या द्यायच्या असतात, काही दिवस विश्रांती सांगायची असते, पुन्हा तपासायचे असते. पण गोळ्यांनंतरच्या विश्रांतीला खाडा पडतो आणि पुन्हा तपासायला येण्यालाही खाडा पडतो. गर्भाशय काढले की पाळी गेली, तिच्याबरोबर तो खाडा गेला, असा तिच्या घरच्यांचा, मुकादमाचा आणि कदाचित तिचाही हिशेब. कॅन्सरची भीती घालणाऱ्याचा हिशेब तर उघडच आहे. ज्या व्यवहारात विकणाराच गिऱ्हाइकाला काय हवे आहे ते ठरवतो, त्या व्यवहाराला बाजार म्हणायला मी कसा तयार झालो, हे आज माझे मलाच कळत नाही. कांद्याच्या व्यापाऱ्याशी भांडताना आमची मुख्य मागणी काय होती? माल अडवून धरण्याचे, भाव पटला नाही तर गाडी परत वळवण्याचे स्वातंत्र्य. शेतकरी चाळीत कांदा ठेवून दोन महिने थांबू शकतो. आजारी माणसाला आपले दुखणे चाळीत ठेवता येत नाही. काट्यावर वजन काय भरले हे शेतकऱ्याला निदान डोळ्यांनी दिसते. गर्भाशय खरोखर काढण्याजोगे होते का, हे त्या बाईला ऑपरेशनच्या आधी कळले नाही आणि नंतरही कळणार नाही. ऑपरेशननंतर तीस हजारांची उचल फेडायला तिला आणखी किती हंगाम यावे लागले असतील, हे मी खातेवही पाहून सांगू शकलो असतो. तेव्हा ते पाहावेसे वाटले नाही.

विम्याच्या कार्डाने तिचा प्रश्न सुटला असता, असे माझे २०१२ मधले उत्तर होते. ते उत्तर अर्धवट होते, असे आता मला वाटते. कार्डाने तिची उचल वाचली असती हे खरे आणि गरिबाच्या दृष्टीने तीस हजार वाचणे ही लहान गोष्ट नाही. परंतु अनावश्यक ऑपरेशन कर्जाने झाले काय आणि सरकारी पैशाने झाले काय, शरीर तिचेच. बिहार आणि छत्तीसगडमध्ये २०१२ च्या सुमारास राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या कार्डावर गर्भाशये काढल्याची प्रकरणे उघडकीस आली होती आणि ती माझ्या पत्राच्या आगेमागेच वर्तमानपत्रांत आली होती. मी ती वाचली होती. ‘देखरेखीचा दोष’ म्हणून बाजूला सारली होती. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला, यावरून हा दोष एकदोन दवाखान्यांपुरता नव्हता हे स्पष्ट होते. विमा भरती झालेल्या रुग्णाचे बिल भरतो. मग भरती करण्यायोग्य आजार वाढतात आणि भरतीआधीच बरे करता येण्याजोगे आजार कोणाच्याच हिताचे राहत नाहीत. आमच्या घरच्या जमाखर्चाच्या वहीतही हेच दिसते. गेल्या अकरा वर्षांत आम्हा दोघांना मिळून दोनदाच भरती व्हावे लागले, पण रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांचा खर्च एकाही महिन्याला चुकलेला नाही, आणि त्या गोळ्यांना आमचा विमा एक रुपया देत नाही.

एक गोष्ट न्यायाची म्हणून नमूद करतो. केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. या सुधारणेत विमा योजनांचाही हात आहे आणि ज्यांच्या घरात हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे आले त्यांना या योजनेने तारले, हे मी आजूबाजूला पाहिले आहे. योजना बंद करा असे मी म्हणत नाही. मी २०१२ मध्ये म्हटले होते ते दुसरे वाक्य, प्राथमिक आरोग्य केंद्रे बंद करा, ते मागे घेत आहे.

ते मागे घेण्याची सुरुवात २०१६ साली झाली होती, जरी तेव्हा मी स्वतःशी कबूल केले नव्हते. माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंतपण तालुक्याच्या गावी चांगल्या खासगी दवाखान्यात झाले, तिसऱ्या दिवशी घरी सोडले, सगळे व्यवस्थित होते. सातव्या दिवशी दुपारी गावातल्या आशाताई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या तिसऱ्या दिवशीही येऊन गेल्या होत्या आणि त्यांचे येणे म्हणजे सरकारी कागद भरण्याचा उपचार, असे समजून मी वर्तमानपत्रातून डोकेही वर काढले नव्हते. त्यांनी साबणाने हात धुतले, लहानशा काट्याला लावलेल्या झोळीत नातीला घालून वजन केले, मग तिच्या अंगावरचे दुपटे बाजूला करून हातातले घड्याळ समोर धरले आणि पूर्ण एक मिनिट तिच्या पोटाकडे बघत राहिल्या. काही न बोलता त्यांनी पुन्हा एक मिनिट मोजले. ‘‘काका, अडुसष्ट भरले. साठच्या वर नको. गाडी काढा.’’ मी म्हणालो, सकाळी दवाखान्यात फोन करून विचारतो. त्यावर त्या माझ्याशी वाद न घालता थेट माझ्या पत्नीकडे वळल्या आणि म्हणाल्या, ‘‘काकू, दूधही कमी ओढतीय. सकाळ नको.’’ त्या रात्रीपासून नात नऊ दिवस शासकीय रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात होती. न्यूमोनिया होता. आज ती शाळेत जाते.

नंतर आशाताईंनी मला त्यांचे मोबदल्याचे तक्ते भरायला मदत मागितली, कारण मी हिशेबाचा माणूस. तेव्हा कळले की दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या आणि त्या साऱ्या पूर्ण झाल्या की २५० रुपये मिळायचे. एका भेटीचे ४१ रुपये ६७ पैसे. तेही वेळेवर मिळत नव्हते. माझ्या नातीचा श्वास मोजणाऱ्या बाईला शासन कर्मचारी मानत नाही, स्वयंसेविका मानते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यातील आशा आझाद मैदानावर थंडीत बसल्या तेव्हा कुठे मानधनात पाच हजारांची वाढ मंजूर झाली. ‘घामाचे दाम’ मागत मी निपाणीला बसलो होतो. तेच मागणाऱ्या या बायकांच्या मागे उभे राहण्यासाठी मला पस्तीस-चाळीस वर्षे लागावीत, याचे दुःख होते.

आशाताईंनी जे केले त्याची मुळे आपल्याच राज्यात आहेत, हे मला फार उशिरा कळले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत बेताच्या शिकलेल्या स्त्रियांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि त्या गावांतील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे तीच पद्धत देशभरातल्या आशांच्या प्रशिक्षणात आली. त्याच्याही आधी, १९७० पासून, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर आणि अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. जामखेडची हद्द बीडला लागते. ज्या दुष्काळी पट्ट्यातून आमच्या कारखान्यावर कोयते येत होते, त्याच पट्ट्यात ही दुसरी वाट पाडलेली होती. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते तिच्याकडे गावातल्या सवर्ण घरांनी बाळंतपणासाठी धाव घ्यावी, हा बदल कोणत्याही कुपनाने घडवला नसता. आरोग्य सुधारण्याआधी समाज बदलावा लागतो, असे डावे मित्र मला सांगत आणि मी ते हसण्यावारी नेत असे. ते म्हणत तसे सगळे आधी बदलावे लागत नाही, हे जामखेडने दाखवले. पण बाईची गावातली जागा न बदलता नुसता दवाखाना बांधून भागत नाही, हेही त्यानेच दाखवले.

मी एका टोकावरून उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो आहे, असा समज होऊ नये. सरकारी दवाखान्यांबद्दल मी २०१२ मध्ये जे लिहिले होते त्यातले बरेचसे खरे होते आणि आजही खरे आहे. निवासस्थानाला कुलूप, औषधासाठी बाहेरची चिठ्ठी, रिक्त पदे, हे मी पाहिलेले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले आणि त्यांत बारा नवजात बालके होती, ही बातमी वाचताना मला माझी नात आठवत होती. आमच्याकडचा तो नवजात बालकांचा कक्ष तिच्यासाठी होता आणि चालू होता, म्हणून ती वाचली. नोकरशाही आपले अपयश कधीच कबूल करत नाही, हा संघटनेत शिकलेला धडा मी विसरलेलो नाही. फरक एवढाच की, त्या अपयशावर ‘बंद करा’ हा उपाय मी तेव्हा सांगितला, कारण माझे स्वतःचे काही अडत नव्हते. गावातला शिक्षक, बँकेतला माणूस, कारखान्यातला लेखापाल, पुढारी, या सगळ्यांनी पाठ फिरवली की त्या दवाखान्यात डॉक्टर का नाही हे विचारणारे कोणी उरत नाही. जे जातात त्यांचा आवाज पोचत नाही, ज्यांचा पोचतो ते जात नाहीत. शरद जोशी लुटणारा ‘इंडिया’ आणि लुटला जाणारा ‘भारत’ असा भेद करत. आमच्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापुरता तो भेद माझ्यासारख्यांनी केला.

१९४६ साली ज्यांच्या समितीने पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये हे तत्त्व देशापुढे ठेवले, ते सर जोसेफ भोर नाशिकला जन्मलेले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, कोविडचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. पैसा कुठे जायला हवा याबद्दलचे माझे मत आता असे आहे की, योजनेच्या कार्डावर रुग्णालयांना जाणाऱ्या प्रत्येक रुपयाबरोबर आरोग्य केंद्रातल्या औषधांसाठी आणि तिथल्या माणसांच्या पगारासाठी किती रुपये गेले, हे सरकारने दरवर्षी एकाच कागदावर छापून दाखवावे. तामिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीचे स्वतंत्र महामंडळ काढले आणि तिथल्या केंद्रांतून औषधे मिळतात. आपल्याकडे असे प्राधिकरण २०२३ मध्ये आले. त्याच्या कामाकडे वर्तमानपत्रांनी विमा योजनेइतकेच लक्ष द्यावे. खासगी रुग्णालयांवरील नियंत्रणाला ‘परवाना राज’ म्हणून मी आयुष्यभर विरोध केला, तोही मी सोडला आहे. २०२१ च्या नियमांनुसार राज्यातील रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचे आहे. बाजारात भावाचा फलक लावा, ही तर आमचीच मागणी होती. मी गेल्या वर्षभरात ज्या ज्या दवाखान्यात गेलो तिथे तो फलक शोधला आणि बहुतेक ठिकाणी तो मला दिसला नाही.

शेवटी आमच्या गावापुरते सांगतो. गावाच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांचा निधी असतो. त्याचा हिशेब लिहिण्याचे काम मी मागून घेतले आहे. त्यातून लक्षात आले की ओढ्याकाठी उतरणाऱ्या ऊसतोडीच्या बायका कोणत्याच यादीत नसतात. त्या इथल्या नाहीत म्हणून आशाताईंच्या नोंदवहीत नाहीत आणि सहा महिने गावी नसतात म्हणून तिकडच्या आशांच्या नोंदवहीतही नाहीत. यंदा गाड्या उतरल्यावर पहिल्या रविवारी आशाताई आणि मी संध्याकाळी तळावर गेलो. एकवीस कोप्या होत्या. आशाताई कोपीत जाऊन बोलत होत्या आणि मी बाहेर कंदिलाजवळ वही घेऊन बसलो होतो. चार गरोदर, त्यांतली एक आठव्या महिन्यातली. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार सात जणींची, आणि त्या सातपैकी दोघींना ‘पिशवी काढा’ असे आधीच कोणीतरी सांगितलेले होते. त्या सातही जणींना पुढच्या मंगळवारी आरोग्य केंद्रात न्यायचे ठरले. मुकादम म्हणाला, सात जणींचा एका दिवसाचा खाडा कोण भरणार? त्या प्रश्नाला समितीच्या निधीत तरतूद नाही. ती रक्कम या वेळी मी भरली आहे आणि पावतीवर कारणाच्या रकान्यात प्रत्येकीच्या नावापुढे नेमके काय आहे ते लिहिले आहे. कारखान्याने पुढच्या हंगामाच्या करारात हा खाडा माफ करावा, असा अर्ज मी माझ्या जुन्या कार्यालयात दिला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. ते आल्यावर आपल्याला कळवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल
जि. सांगली